अर्धवट स्वेटर आणि राहिलेलं देणं

तुळशीचं लग्न झालं की बेळगावात पहाटे धुकं उतरायला लागतं, पंखे बंद होतात आणि माळ्यावरची ट्रंक खाली येते. सुमारे 2500 फुटांवर वसलेलं गाव आपलं, गोव्याचे पाहुणे इथं आले की संध्याकाळी शाल मागतात, त्यामुळे स्वेटर हा आपल्याकडं शोभेचा नाही, खरोखर अंगात घालायचा कपडा आहे. तर ट्रंक उघडली की धड स्वेटरांच्या बरोबर निघतं ते सुयांवर अडकलेलं अर्धवट विणकाम. या महिन्यातली बहुतेक पत्रं आणि व्हॉट्सॅप मेसेज त्याचेच आलेत, आणि गंमत म्हणजे टाक्याबद्दल विचारायला बसलेले लोक दोन ओळींनंतर कुणा ना कुणा माणसाबद्दलच लिहायला लागलेत, त्याचं कसं देणं लागतो ते. म्हणून यावेळी उत्तरंही तशीच मिसळलेली आहेत. नाताळची सुट्टी ते संक्रांत एवढा वेळ हातात आहे असं धरून लिहितेय.

प्रश्न: काकू, माझं माहेर गडहिंग्लज. लग्न होऊन गोकाकला आले तेव्हा कन्नडचा क पण येत नव्हता, नवरा दिवसभर ड्युटीवर, भाजीवाल्याशीसुद्धा बोटांनी बोलायची. शेजारच्या आक्कांना मराठी येत नव्हतं. एक दिवस त्यांनी मला पायरीवर बसवलं, हातात सुया दिल्या आणि माझ्या हातावर हात धरून टाके घालायला शिकवलं. ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु असं मोजता मोजता आधी आकडे आले, मग रंगांची नावं आली, मग हळूहळू सगळंच बोलायला यायला लागलं. आजपण पैसे मराठीत मोजते आणि टाके कन्नडमध्ये. त्यांच्यासाठीच जाळीची त्रिकोणी शाल घातली होती, मध्ये कुठंतरी जाळी चुकली म्हणून ठेवून दिली, मग मुलं झाली, मग आमची बदली बेळगावला आणि आक्का मुलाकडं धारवाडला. शाल अजून सुयांवरच आहे. पूर्ण करून द्यावी असं वाटायलंय, पण एवढ्या वर्षांनी कुठल्या तोंडानं जाऊ, आणि मुळात चुकलंय कुठं तेच कळेना.
— एक गृहिणी, बेळगाव

उत्तर: आधी फोन करा. शाल झाली की जाईन असं ठरवलंत तर पुढच्या तुळशीच्या लग्नाला हेच पत्र मला परत येईल बघा. फोनवर शालीचं नावसुद्धा काढू नका, संक्रांतीला येते म्हणून सांगा, आपल्याकडं तिळगूळ आणि त्यांच्याकडं एळ्ळू-बेल्ल, निमित्त दोन्ही घरी तयारच आहे. तारीख ठरली की हात आपोआप चालतात, तारीख नसलेलं विणकाम म्हातारं होतं.

आता जाळी. पांढरा टॉवेल पसरून त्यावर शाल ठेवा, शाल पांढरी असेल तर गडद चादर घ्या, आणि दिवसा उजेडात बघा, ट्यूबलाइटखाली जाळी वाचता येत नाही. मधली उभी रेघ धरा, दोन्ही बाजूंची भोकं त्या रेघेपासून सारख्या अंतरावर असायला हवीत, एक बाजू जिथं सरकली असेल तिथं गडबड आहे. गडबड सापडली की तिच्या खालची सगळी उलट विणलेली साधी ओळ शोधा, बोथट सुईत शिवणाचा वेगळ्या रंगाचा दोरा घ्या आणि त्या ओळीतल्या प्रत्येक टाक्यातून ओवा, एकही सोडायचा नाही. मग बिनधास्त सुया काढा आणि उसवा. उसवण त्या दोऱ्यापाशी येऊन थांबते, एकही टाका पळत नाही, आणि तिथून टाके परत सुईवर घेता येतात. पुढं विणतानाही नक्षीचा एकेक फेर झाला की असा दोरा ओवत जा, म्हणजे परत चुकलं तरी फार खाली जावं लागत नाही.

पण नुसतं एखादं भोक राहिलेलं असेल तर माझं ऐका, तसंच राहू दे. आक्कांना ते लगेच दिसणार, त्या बोट ठेवून हसणार. हसू देत की.

अजून एक. शाल मानेपासून सुरू केलेली असेल, म्हणजे आधी थोडे टाके आणि मग दोन्हीकडं आणि मधे वाढवत नेलेली, तर ती कुठल्याही साध्या ओळीवर संपवता येते, लहान निघाली तर खांद्यावरची शाल झाली, काही बिघडत नाही. फक्त अंदाज घ्या. त्रिकोणात शेवटच्या ओळी सगळ्यात लांब असतात, त्यामुळे उंचीनं दोन तृतीयांश दिसत असली तरी काम निम्म्याहून कमीच झालेलं असतं, लोकर पण तशीच लागणार. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर उरलेला गुंडा ठेवा, एक ओळ विणा, परत ठेवा, किती ओळी निघतील त्याचा हिशेब लागतो. टाके बंद करायला ओळीच्या रुंदीच्या चौपट धागा बाजूला ठेवा आणि सैल बंद करा, कड आवळली की शालीचा पतंग होतो.

मला विचाराल तर शेवटची कड बंद करायची बाकी ठेवूनच धारवाडला जा. ती ओळ त्यांच्याकडून करून घ्या. कड झाली की तिथंच कोमट पाण्यात भिजवून, टॉवेलमध्ये गुंडाळून पाणी दाबून काढून, गादीवर ताणून टाचण्या लावायच्या म्हणजे जाळी उघडते, ही खऱ्या लोकरीची गोष्ट झाली. ॲक्रिलिक असेल तर पाण्यानं काही होत नाही, इस्त्रीची वाफ लांबून द्यायची, इस्त्री टेकवायची नाही, टेकली की लोकर चपटी होऊन तशीच राहते. आणि जे काय मनात आहे ते त्यांना कन्नडमध्ये सांगा, ज्या कन्नडमध्ये तुम्ही टाके मोजता त्याच.

प्रश्न: डिसेंबरात आमच्या घरी बाळ येणार आहे. सासरे म्हणायलेत धनगरांकडची खरी लोकर आणून तिचंच विणा, नकली नको. कसं करू?
— चिकोडीची सून

उत्तर: सासऱ्यांना नमस्कार सांगा आणि बाळाला वाचवा. आपल्या भागातल्या दख्खनी मेंढीची लोकर जाड आणि राठ असते, ती घोंगडीसाठी, जिला चिंचोक्याची खळ लावून ताठ करतात. शेतात पावसात उभं राहायला तिच्यासारखं काही नाही, पण बाळाच्या गळ्याला ती टोचणार. बेबी वूल म्हणून मिळते ती मऊ ॲक्रिलिकची लोकर घ्या, रोज धुता येते. टोपीला कानाखाली बांधायच्या लांब नाड्या नकोत, छातीवर गोंडे नकोत, केसाळ लोकर नको कारण ती तोंडात जाते. आणि घरात झोपलेल्या बाळाला टोपी घालून ठेवायची नाही, बाळं डोक्यातूनच जास्तीची उष्णता बाहेर टाकतात. सासऱ्यांनी फारच धरलं तर त्यांच्यासाठी एक घोंगडी विकत आणा, खूश होतील.

प्रश्न: माझ्या सासूबाईंनी नातवासाठी स्वेटर घातला होता. पाठ काखेपर्यंत आली आणि त्या आजारी पडल्या, मग गेल्याच. मुलगा तेव्हा दोन वर्षांचा, आता सहावीत आहे. परवा त्यानंच ट्रंकेतून तो काढला आणि विचारलं, आज्जीनं हे माझ्यासाठीच केलेलं काय? मला विणता येतं पण त्यांच्यासारखं नाही, लोकर तशी मिळणार नाही, आणि आता त्याला होणार तरी कसा? सासूबाईंचं आणि माझं फार काही जमायचं नाही हे पण सांगते, म्हणून जास्त वाटायलंय.
— खानापूर तालुका

उत्तर: शेवटचं वाक्य लिहिलंत ते बरं केलंत. न जमलेल्या माणसाचं देणं जास्त टोचतं. जमलेल्याचं काय, येता जाता फिटत असतं.

पण स्वेटरकडं वळूया, कारण मुलाला उत्तर हवंय आणि ते हातानंच देता येईल. एवढी वर्षं सुईवर बसलेली जी ओळ आहे ती ताणलेली असणार, कदाचित मळकी रेघ आली असेल, सुई लोखंडी असेल तर गंजही. तेवढी एक, फार तर दोन ओळी उसवा. त्याखाली हात लावायचा नाही. सासूबाईंच्या विणीत कुठं चुकलेला टाका दिसला तरी नाही. मोकळे टाके स्वच्छ सुईवर घ्या, प्रत्येक टाक्याची उजवी बाजू पुढं आहे ना ते बघा, नाहीतर टाके पिळलेले येतात.

मग मोजा. पट्टी ठेवून 10 सेंटिमीटरमध्ये त्यांचे किती टाके येतात ते बघा, मग तुम्ही हाताशी असलेल्या लोकरीचा छोटा चौकोन विणून तुमचे किती येतात ते बघा. त्यांचे 24 आणि तुमचे 22 आले तर तुमचा हात सैल आहे, एक नंबर बारीक सुई घ्या. आपल्याकडच्या सुयांचा नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक, म्हणजे 10 नंबरवर सैल येत असेल तर 11. हे माहीत असेलच, पण दरवर्षी कुणीतरी उलटं करतं म्हणून लिहिलं.

आता माप. दोन वर्षांच्या मुलाची पाठ म्हणजे रुंदी साधारण 28 सेंटिमीटर, सहावीतल्या मुलाला 38 च्या आसपास लागणार. तेव्हा असं करा. सासूबाईंचा तुकडा आता पाठ नाही, तो नव्या स्वेटरच्या पुढच्या भागाचा मधला खालचा तुकडा आहे. त्याच्या दोन्ही बाजूंना पाच-पाच सेंटिमीटरच्या पट्ट्या वेगळ्या विणून शिवून टाका, खालची बॉर्डर त्यांच्या बॉर्डरच्या उंचीचीच ठेवा, आणि वर जिथं त्यांचे टाके संपतात तिथून पट्ट्यांचे टाके पण बरोबर घेऊन पुढं चढत जा. पाठ सगळी नवी. बाह्यांच्या भानगडीत पडू नका, हाफ स्वेटर करा, मुलं तसाही हाफच आवडीनं घालतात आणि नाताळच्या सुट्टीत होऊन जाईल.

लोकरीचा रंग जुळवत गणपत गल्लीतल्या दुकानांच्या पायऱ्या झिजवू नका. लोकरीच्या गुंड्यावर रंगाचा लॉट नंबर असतो, एकाच कंपनीची एकाच रंगाची लोकरसुद्धा दुसऱ्या लॉटची आली की फरक दिसतो, दहा वर्षांनी तर सोडूनच द्या. दोन लॉट थोडेच वेगळे असतील तर दोन ओळी याच्या, दोन ओळी त्याच्या असं विणून लपवतात, ती युक्ती नवे दोन गुंडे जुळवायला वापरा. पण सासूबाईंचं लपवायचं कशाला? सरळ वेगळा रंग घ्या, मुलाला दुकानात नेऊन त्यालाच निवडू दे. स्वेटर घातल्यावर आज्जीचं कुठलं आणि आईचं कुठलं हे त्याला बोट ठेवून दाखवता आलं पाहिजे. त्यांच्यासारखं येत नाही म्हणता ना, मग यायला नकोच.

तुमच्या दोघींचं काय ते मी सोडवू शकत नाही. पण त्यांचा हात किती घट्ट होता, बॉर्डर कशी सरळ आहे, हे विणताना मुलाला सांगत बसा. जे चांगलं दिसतंय तेवढंच सांगा, उगाच साखर घालू नका, मुलांना कळतं.

प्रश्न: मी निपाणीचा, बेंगळूरला सॉफ्टवेअरमध्ये आहे. आमच्या शाळेतल्या बाईंनी माझी फी दोनदा स्वतः भरली होती, घरी कुणाला सांगितलं पण नाही. आता रिटायर झाल्यात. त्यांना स्वतः विणलेला मफलर द्यायचाय. गेल्या वर्षी व्हिडिओ बघून सुरू केला, चार बोटं झाला आणि राहिला. मुलगे विणतात का हो, मित्र हसायलेत. वर्षअखेरची दहा दिवस सुट्टी आहे, होईल का?
— निपाणीचा मुलगा

उत्तर: मित्रांना सांग, विणायचं यंत्र 1589 मध्ये इंग्लंडात विल्यम ली नावाच्या माणसानं काढलं, आणि त्या काळी युरोपातल्या विणकरांच्या संघांमध्ये पुरुषच असायचे. हसून झालं असेल तर आता हिशेब करू, तुला हिशेब कळेल.

तू बारीक लोकर आणि बारीक सुई घेतली असणार, म्हणूनच चार बोटांवर राहिलं. 20 सेंटिमीटर रुंद आणि 150 लांब मफलर, 4 मिलिमीटरच्या म्हणजे 8 नंबरच्या सुईवर, सगळ्या ओळी सुलट विणलेला, त्याला 44 टाके आणि साडेसहाशेच्या वर ओळी लागतात, म्हणजे 29 हजार टाके. नवशिक्या हातानं मिनिटाला 15 टाके धर, बत्तीस तास झाले. तोच मफलर जाड लोकरीत 6 मिलिमीटरच्या, 4 नंबरच्या सुईवर 28 टाक्यांचा कर, 390 ओळी, अकरा हजार टाके, बारा तास. रोज दीड तास बसलास तर सुट्टी संपायच्या आधी मफलर हातात. 200 ग्रॅम लोकर घे, एकाच लॉटची. सगळं सुलटच विण, कडा वळत नाहीत आणि दोन्हीकडून सारखं दिसतं. प्रत्येक ओळ संपली की टाके मोज, 28 च्या 29 झाले तर ओळीच्या सुरुवातीला धागा सुईवरून मागं गेलाय, नवीन लोकांचं हेच होतं.

जुना चार बोटांचा तुकडा उसवू नकोस, त्याचं बुकमार्क होईल, तुझं तूच ठेव.

आणि बाईंना मफलर देताना फीची गोष्ट काढायची की नाही, ते तू विचारलं नाहीस पण मनात असणार. काढ. घरच्यांसमोर नको, त्यांनी तेव्हा झाकून ठेवलं होतं तर तू उघडू नकोस, पण त्या एकट्या असताना नीट शब्दांत सांग, कुठल्या वर्षी, कुठली फी, आणि त्यामुळं पुढं काय झालं. नुसतं थँक्यू बाई म्हणून पाया पडलास तर त्यांना वाटेल सगळेच विद्यार्थी पडतात. पाया पडायचंच आहे, पण सांगून पड.

प्रश्न: ट्रंकेतल्या लोकरीला भोकं पडलीत. डांबरगोळ्या ठेवल्या होत्या तरी.
— हुक्केरी

उत्तर: कसर खरी लोकर खाते, ॲक्रिलिक खात नाही. तेव्हा ॲक्रिलिकला भोकं असतील तर उंदीर शोधा. खऱ्या लोकरीचं असेल तर झटकून कडक उन्हात टाका, मग प्लॅस्टिकच्या पिशवीत हवाबंद करून आठवडाभर फ्रीजरमध्ये ठेवा, अळ्या अंडी मरतात. ठेवताना धुऊनच ठेवा, घामाचे आणि तेलाचे डाग असले की कसर आधी तिथंच लागते. बाळाच्या कपड्यांत मात्र डांबरगोळ्या अजिबात नकोत, काही बाळांना त्या वासानं कावीळ होऊ शकते.

प्रश्न: मी निवृत्त झाल्यापासून सगळ्यांना विणून देते. सुनेला, भाच्यांना, शेजारच्यांना. कुणी घालत नाही. सून म्हणते छान आहे आई आणि कपाटात ठेवते. मुंबईच्या भाचीला दिलेला स्वेटर तिच्या कामवाल्या मावशींच्या अंगावर बघितला. आजकाल कुणाला कदरच नाही, म्हणून माझंही सगळं अर्धवट पडलंय, मन लागत नाही.
— शहापूर, बेळगाव

उत्तर: आजी, रागावू नका, पण मुंबईला स्वेटर कशाला दिलात? तिथं थंडी म्हणजे रात्री पंखा एकवर. मावशींच्या अंगावर तुमचा स्वेटर दिसला म्हणजे पहाटे पाच वाजता लोकल पकडणाऱ्या बाईला तो उपयोगी पडला, मला तर त्यात तुमची कदरच दिसली. भाचीनं कपाटात पुरून ठेवला असता तर बरं वाटलं असतं का तुम्हाला?

सुनेचं वेगळं आहे. तिला काय हवंय ते विचारलंत का कधी? मी बऱ्याच घरांत बघते, विणणारी आपल्या आवडीचा रंग, आपल्या आवडीची नक्षी, आपल्या काळातला गळा विणते आणि मग समोरच्यानं आनंदानं उडी मारावी असं वाटतं. हे देणं नाही, ही परीक्षा झाली, आणि पोरीला पेपरच माहीत नाही. तिला घेऊन बसा, तिच्या मोबाइलवर तिला काय आवडतं ते दाखव म्हणा. कदाचित तिला स्वेटर नकोच असेल, स्कूटरवर घालायला हातमोजे हवे असतील, सकाळी ऑफिसला जाताना बेळगावात बोटं गारठतात. ते एका आठवड्यात होतात, आणि रोज वापरले जातील.

अर्धवट पडलेल्यांचं म्हणाल तर सगळे पलंगावर मांडा आणि प्रत्येकाला एकच विचारा, हे आज कुणाला द्यायचंय? नाव आलं तर पूर्ण करा. नाव आलं नाही तर उसवा, मन घट्ट करून. उसवलेली लोकर खुर्चीच्या पाठीला गुंडाळून लडी करा, चार ठिकाणी सुती दोऱ्यानं सैल बांधा, कोमट पाण्यात भिजवा आणि खाली हलकं वजन अडकवून सावलीत वाळवा, कुरळेपणा बराच जातो. त्यातून शाळेतल्या मुलांच्या टोप्या करा. जवळच्या सरकारी शाळेत जा, मराठी असो कन्नड असो, बाईंना विचारा कुणाला लागतात. तिथं कुणी छान आहे आई म्हणणार नाही, पोरं सरळ डोक्यात घालून पळतील.

आणि हो, तुम्हाला कुणीतरी विणायला शिकवलं असेल. आई, मावशी, शाळेतल्या शिवणाच्या बाई. त्यांचं नाव पत्रात कुठंच आलं नाही. त्यांना तुम्ही काय विणून दिलंत?

प्रश्न: आईसाठी विणायला घेतलेलं कार्डिगन गळ्यापाशी अडलंय, मला गळा येतच नाही आणि ऑफिसमधून वेळही नाही. ओळखीच्या एका बाईंना पैसे देऊन पूर्ण करून घेतलं तर चालेल का? आईला सांगावं का? ते माझ्या हातचं राहील का?
— टिळकवाडी

उत्तर: चालतं. तुम्ही टिळकवाडीत राहता म्हणजे काँग्रेस विहिरीवरून रोज जात असाल. तिथं 1924 च्या डिसेंबरात काँग्रेसचं अधिवेशन झालं, गांधीजी अध्यक्ष होते, ते अध्यक्ष झालेलं हे एकच अधिवेशन. त्यात सभासदत्वासाठी चार आण्यांच्या जागी महिन्याला 2000 यार्ड सूत असा नियम पक्का झाला, आणि नियमातच लिहिलेलं होतं की आजारपण असेल किंवा कातायची इच्छा नसेल तर तेवढंच सूत दुसऱ्याकडून कातून घेऊन दिलं तरी चालेल. सुताच्या बाबतीत एवढ्या कडक माणसाच्या काळात जे चाललं ते तुमच्या गळ्याला का चालू नये.

पण दोन गोष्टी. त्या बाईंना ओळखीची म्हणून चहावर पटवू नका, गळा हे स्वेटरमधलं सगळ्यात डोक्याचं काम आहे, खांदे जोडून गळ्याभोवतीचे टाके उचलायचे, दोन्ही बाजूंना सारखे, चार ओळींमागं साधारण तीन. पैसे आधी ठरवा आणि मागतील तेवढे द्या. दुसरं, आईला सांगा की गळा अमक्या बाईंनी केला. आईला आवडला तर ती त्यांच्याकडं जाईल, अजून एक काम मिळेल त्यांना. स्वेटर तुमच्याच हातचा, गळा त्यांचा.

प्रश्न: निपाणी–बेळगाव रोज बसनं अप-डाउन करते. बसमध्ये विणून राहिलेलं संपवावं म्हणते, पण सुई शेजारच्याला लागते आणि भांडणं होतात.
— रोजची प्रवासी

उत्तर: सर्क्युलर सुई घ्या, दोन टोकं आणि मधे वायर. सपाट विणकामही तिच्यावर होतं, ओळ संपली की नुसतं उलटं फिरवायचं. कोपर बाहेर जात नाही, कामाचं वजन मांडीवर राहतं आणि ब्रेक लागला तरी सुई सीटखाली घरंगळत नाही. नक्षीचं काम बसमध्ये काढू नका, हायवेचं काम आणि वळणं बघता सरळ उलट-सुलटच बरं. मोजे, टोप्या, बाह्या असं छोटं काहीतरी. आणि खिडकीची सीट मिळाली तरच, उभ्यानं नको.